बाबांचा किस्सा, एका क्लिकमध्ये

माझ्या वडिलांचं बोलणं मी दुरुस्त केलं. त्यांना न विचारता. सांगताना आत्ताही कान तापतायत, पण सांगतो.

२००६ ची दिवाळी. बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आमच्याकडे आले होते. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर, आणि लहानपणापासून अडखळत बोलणारे. त्याचं त्यांना काडीचंही काही वाटत नसे. कॉम्प्लेक्समधल्या बाकावर जमणारे आजी-आजोबा असोत की टपाल टाकायला येणारी बाई, हा माणूस प्रत्येकाला गाठून गप्पा मारायचा. लाज वाटायची ती मला. शाळेत होतो तेव्हापासून.

मी तेव्हा एका छोट्या कंपनीत लेक्चरं, मुलाखती वगैरेंची रेकॉर्डिंग साफ करणारं सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यात मागेपुढे सरकवायचे तीन स्लायडर होते: खरखर किती काढायची, मधली शांतता किती कापायची, अडखळलेले शब्द किती गाळायचे. मी म्हटलं, उडवा सगळे. एकच बटण ठेवा, 'क्लीन'. माझ्याबरोबर काम करणारी राधिका वैतागली.

"अरे, कोणाला किती हवंय ते त्याचं त्याला ठरवू दे ना!"

"यार, युजरला काय कळतंय? विचारलं की गोंधळतो."

मॅनेजरला माझं पटलं. काय तोऱ्यात फिरत होतो मी त्या आठवड्यात! माझ्या स्वतःच्या मशीनवर मात्र तिन्ही स्लायडर शाबूत होते. मला सगळं कळतं ना!

आमच्या मराठी मंडळाचा शंतनू त्या वर्षी ऐकायचा दिवाळी अंक काढत होता, सीडीवर. बाबांनी त्यासाठी घरीच आपला हुकमी किस्सा रेकॉर्ड केला. घाटात चालत्या गाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या. बाबा ड्रायव्हरला ओरडायला गेले, "गा-गा-गाडी थ-थ-थ..." आणि 'थांबव' म्हणेपर्यंत मुलगी जन्मलीसुद्धा! सांगताना बाबा तो 'थ' मुद्दाम आणखी ताणायचे. ऐकणारे हसून हसून लोळायचे.

मी फाइल उघडली आणि तिन्ही स्लायडर टोकाला नेले. तरी जे उरलं ते हाताने कापलं. सात मिनिटांची साडेतीन झाली. बाबा घडाघडा बोलायला लागले, रेडिओवरच्या बातम्यांसारखे. आणि खरं सांगतो, ऐकून मला बरं वाटलं. फाइल तशीच शंतनूला ईमेल केली.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. सीडी लावली. बाबा पुढच्या रांगेत. पहिल्या वाक्याला ते मान वळवून इकडेतिकडे बघायला लागले, हे कोण बोलतंय म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं. किस्सा घाटात पोचला. "मी ओरडलो, गाडी थांबव. तेवढं म्हणेपर्यंत मुलगी जन्मलीसुद्धा." कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. टाळ्या तेवढ्या पडल्या.

शंतनू त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. धावत आला. "काका, काय खणखणीत बोलता हो! पुढच्या शनिवारी दिवाळीचा कार्यक्रम आहे, स्टेजवर हाच किस्सा सांगायचा. नाही म्हणायचं नाही!"

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. नुसती होकाराची मान हलवली. माणसासमोर गप्प राहिलेले बाबा मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, ते जरा साफ झालंय. सॉफ्टवेअर आपोआप करतं तसं." धडधडीत खोटं!

"छ-छान झालंय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवारी ऑफिसात राधिकाला सांगितलं, स्लायडर परत आणूया, आणि सुरुवातीला तिन्ही शून्यावर ठेवूया. "अचानक काय झालं रे तुला?" तिनं विचारलं. "युजर फीडबॅक आलाय," मी म्हटलं. तिला खरं सांगायचीसुद्धा हिंमत झाली नाही. इतका भित्रा मी.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर बाकावर सगळी मंडळी होती, बाबा नव्हते. जिना चढताना आतून त्यांचा आवाज ऐकू आला. दार हळूच उघडलं. बाबा सीडी प्लेअरपुढे खुर्ची ओढून बसले होते. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, आणि त्याच वेगानं म्हणायला जायचे. 'गाडी'वर अडकले. सीडी मागे घेतली. परत अडकले. कपाळाला घाम फुटला होता. स्वतःच्याच मांडीवर त्यांनी चिडून एक चापट मारली. सत्तरीच्या माणसाला मी शाळेच्या बाकावर बसवलं होतं.

"बाबा, ते मी केलंय. मुद्दाम, हातानं कापलंय. चुकलो मी," मी म्हटलं. "आत्ताच शंतनूला फोन करून सगळं सांगतो."

ते दचकले. चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले. ते!

"न-नको," ते घाईघाईनं म्हणाले. "लोक तु-तुला हसतील. ज-जमेल मला. अजून चार दिवस आहेत."

आणि त्यांनी पुन्हा प्ले दाबलं.