धरायला काहीतरी

“बाई, चपला कावून काढून राहिल्या?” खुशालरावांनी विचारलं.

माणिकबाईंनी चपला जोडीनं ट्रेलरच्या चाकाशी ठेवल्या, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि चाकावर पाय देऊन त्या आत चढल्या. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या जुन्या मोटारींच्या आवारात, सकाळी आठ वाजता, चार माणसांच्या देखत, त्या गार पत्र्यावर सरळ उताण्या निजल्या.

“अवो बाई! लोक पाहून राहिले ना!”

“पाहू द्या.” आतून आवाज आला. “जानरावभाऊ, जीप जोडली ना? चाला मंग. मोर्णा नदीच्या वाळूत उतरवा, एक चक्कर फिरवा आन् वापस आना. मी ‘थांबा’ म्हनलं तरी थांबू नोका.”

खुशालरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. हिवरखेडच्या दवाखाना कमिटीचे ते अध्यक्ष. मोटार घ्यायला निघताना सोबत मोटार चालवणारा जानराव असावा, हे त्यांना पटलेलं होतं. नर्सबाई कशाला, हे मात्र कमिटीत कोणालाच कळलं नव्हतं. “अकोल्याहून औषधं आनाची हायेत,” असं सांगून माणिकबाई आदल्या दिवशीच्या एस.टी.त त्यांच्या मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. पावसाळ्यात तिथून बाहेर पडायला वाट नसतेच, पण ते सगळ्यांनी धरूनच चाललेलं. दिवस भरत आलेल्या बायका पाऊस लागायच्या आत मोठ्या गावच्या नातलगांकडे जाऊन राहत. घात व्हायचा तो हिवाळ्यात. वाट कोरडी, आभाळ स्वच्छ आणि गावात एक बंडी म्हणून रिकामी नाही. सगळ्या कापसाला लागलेल्या, जिनिंगच्या फाटकासमोर बैल सोडून रांगेत उभ्या.

मागच्या पौषात खुशालरावांच्या चुलत भावाची सून, दुर्गा, अडली. बंडी मिळेना, म्हणून कोणाची तरी मोटार मागून आणली. नदीच्या वाळूत तिची मागची चाकं रुतली आणि जागच्या जागी गरगर फिरत राहिली. माणसांनी खांदे लावले, चाकांखाली कापसाच्या पळाट्या टाकल्या, अंगातले सदरे टाकले. एक जण बैल आणायला धावला. बैल आले तेव्हा दुर्गा माणिकबाईंच्या मांडीवर गेलेली होती. पोर पोटातच राहिलं.

त्यानंतर कमिटीनं ठरवलं, की लष्कराच्या लिलावातून निघालेली जीप घ्यायची. चारही चाकांनी ओढणारी, वाळूला आणि ओल्या काळ्या मातीला न घाबरणारी. जीपमध्ये बाईमाणसाला आडवं होता येत नाही, म्हणून मागे ट्रेलर. आता पुन्हा मार्गशीर्ष संपत आला होता, आणि माणिकबाईंच्या वहीत पौषातल्या पाच बायकांची नावं होती.

आवाराचे मालक भगवंतराव बोलण्यात पटाईत. सकाळी आल्या आल्या त्यांनी आधी दाखवली ती हिरवीगार जीप. रंग असा, की त्यात खुशालरावांना आपल्या मिशा दिसल्या. आत लाल रेक्झिनची बैठक. खुशालराव चढून बसले आणि त्यांचा चेहराच पालटला.

“बसा पाटील, बसा! ही तुमच्यासाठीच थांबून होती,” भगवंतराव म्हणाले. “आता पाहा, एवढ्या थंडीत एका हँडलात चालू होते का नाई.”

हँडल अर्धं फिरलं आणि जीप गुरगुरू लागली.

“पाह्यलं? मक्खन!”

माणिकबाई बॉनेटशी उभ्या होत्या. “शेठ, इले ताप हाय,” त्या म्हणाल्या.

“म्हंजे?”

“तुमी हँडल माराच्या आधी मी हात लावून पाह्यला.” तान्ह्याच्या कपाळाला लावावी तशी त्यांनी बोटांची पालथी बाजू दाखवली. “अंग गरम होतं. आमी येन्याच्या आधी कोनीतरी इले फिरवून आनलं.” मग त्या पलीकडे निंबाखाली उभ्या असलेल्या दुसऱ्या जीपकडे गेल्या आणि तिच्या बॉनेटवर बोट फिरवलं. रात्रभर साचलेल्या दवात रेघ उमटली. “इचं अंग गार हाय. इले कोनी हात नाई लावला.”

जानराव खो-खो हसला. लढाईच्या दिवसांत त्यानं ब्रह्मदेशाच्या चिखलात असल्या जिपा हाकल्या होत्या. तो डोक्याचं फडकं जमिनीवर अंथरून हिरव्या जीपखाली सरकला आणि लगेच बाहेर आला, तेव्हा हसत नव्हता.

“शेठ, वर लिव्हर हाय, पन खाली काहीच नाई. पुढच्या चाकाले ओढनारा शाफ्ट कुठी गेला?”

“तो मूळ मालकानं काढून टाकला. पेट्रोल वाचते. पक्क्या सडकेवर पुढची चाकं कोनाले लागतात बाप्पा?”

“पक्की सडक? आमच्याइकडं? एखांदी असली त तेवढी दाखवून द्या शेठ, मी पाह्यलीच नाई.”

खुशालराव मात्र लाल बैठकीवरून उतरेनात. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते, मेळ्यात घोड्यावर बसलेल्या पोरासारखे. “शाफ्ट काय, नवा बसवता येते,” ते पुटपुटले. “गावात गाडी आनाची त मानसासारखी आनावं ना जी. ती दुसरी पाहा कशी, डोया फुटल्यासारखी!”

दुसरी खरंच तशीच होती. मातकट रंगाचे पोपडे उडालेले, एका दिव्याची काच गेलेली, बैठकीवर गोणपाट.

माणिकबाई हिरव्या जीपच्या दाराशी आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “पाटील, दुर्गाले नेलं, ते मोटार बी सुंदरच होती.”

खुशालराव खाली उतरले आणि निंबाखाली जाऊन उभे राहिले.

मातकट जीपनं एका हँडलात दाद दिली नाही. जानरावनं सात वेळा हँडल मारलं, आठव्यांदा ती खोकली, धूर सोडला आणि म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तशी धडधडत सुरू झाली. “इचं खरं हाय,” जानराव घाम पुसत म्हणाला. “थंडीत कशी उठते, थे आजच समजलं. रोज सकाळी पाच मिनिटं मी इले जागी करत जाईन.”

आणि मग माणिकबाईंनी चपला काढल्या.

ट्रेलर हलला तशी निंबाची फांदी डोळ्यांवरून सरकत गेली. मग तारेचे खांब, मग नुसतं आभाळ. झोपलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. खड्डा कधी येणार ते कळत नाही, कळतो तो आदळल्यावर. पत्र्यावरचं दव पाठीला लागत होतं. नदीच्या उतारावर ट्रेलरनं दोनदा उडी घेतली आणि त्यांचे हात आपोआप दोन्ही बाजूंना गेले. पत्रा गुळगुळीत, ओला. बोटं सरकली. पुन्हा गेली, पुन्हा सरकली.

त्या एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा. पहिलटकरीण. बंडीत गवत घातलेलं, वर असंच आभाळ. बंडीच्या बाजूचा उभा दांडा, उभारी, तिला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली होती. सासू म्हणत होती, “सोड वो माय, हात सोलून निंघतीन.” त्यांनी सोडला नव्हता. पोरगी वाटेतच झाली आणि रडली नाही. उभारीच्या लाकडाचं एक कुसळ तळहातात गेलं होतं. ते आठ दिवसांनी निघालं. पुढं घरधनी गेला, त्या नर्सिंग शिकल्या, शेकडो पोरं त्यांच्या हातांत रडली. ज्या घरांत पूर्वी त्यांना ओट्याखाली उभं राहावं लागे, त्या घरांतल्या सुना कळ आली की त्यांचंच मनगट आवळून धरत. पण तो दांडा त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

वाळू आली. चाकं एकदा घसरली. मग समोरून लिव्हर ओढल्याचा खट्ट आवाज आला, आणि जीप पुढून ओढली गेल्यासारखी, सावकाश, एका चालीत वाळू कापत निघाली. थांबली नाही.

आवारात परत आल्यावरही त्या लगेच उठल्या नाहीत.

“बाई?” खुशालराव ट्रेलरच्या कडेवरून वाकले. “बरं हाय ना?”

“थांबा जरा.”

मग उठून बसल्या, डोळ्यांवरून पदर फिरवला. “जीप हेच घ्या,” त्या म्हणाल्या. “ट्रेलर रिकामा लय उडते. खाली सरकीचे दोन पोते टाका, वर गादी. बाईचं डोकं जीपकडं पायजे, नाईतर चढावर डोकं खाली जाईन. आन्…” त्या थांबल्या. “धरायले काही नाई.”

“झोपलेल्या मानसाले काय धरा लागते?”

“तुमाले नाई समजनार पाटील.”

हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. दुधाचा दात पडलेल्या पोराला आई सांगते तशा म्हणाल्या. पण खुशालरावांना ते लागलं असावं. ते दोन पावलं गेले, परत आले, आणि सगळे पाहत असताना त्यांनी पायातले जोडे काढले, माणिकबाईंच्या चपलांशेजारी ठेवले.

“उतरा बाई. जानराव, चालव.”

“तुमी, पाटील?” जानरावचं तोंड उघडंच राहिलं.

“चालव म्हनलं ना.”

ट्रेलर धडधडत फाटकाबाहेर गेला. भगवंतराव आणि माणिकबाई दोघंच राहिले. “पंचवीस वर्षं मोटारी विकून राहिलो,” भगवंतराव म्हणाले, “सारे समोर बसून पाह्यतात. मांगं झोपून पाह्यनारे हे पह्यलेच.”

खुशालराव परतले तेव्हा धोतराला माती लागलेली, टोपी हातात. खाली उतरताना त्यांनी ट्रेलरची कड दोनदा चाचपली. बराच वेळ जोडेच घालत बसले.

“दांडी आजच बसवा,” शेवटी म्हणाले. “इथीच. बसवल्याशिवाय गाडी इथून हालनार नाई.” आणि मग, कोणाकडेही न पाहता, “पोरीनं त्या दिवशी माहा गमछा धरला होता. मी सोडवून घेतला. बैल आनाले जाचं होतं.”

वेल्डिंगवाला आला. माणिकबाई पुन्हा एकदा निजल्या, हात डोक्यामागं ताणून म्हणाल्या, “इथं.” जानरावनं खडूनं खूण केली. दुपारी दोनपर्यंत पुढच्या भिंतीवर, उशाशी, मनगटाएवढी जाड लोखंडी दांडी बसली. वेल्डिंगवाल्यानं तिला हिरवा रंग दिला. त्याच्याकडे तेवढाच होता.

त्यानंतर आठ हिवाळे ती जीप चालली. पौषातल्या त्या पाचांपैकी दोघींना न्यावं लागलं. दोघी परत आल्या, कुशीत पोरं घेऊन. मग डोंगरातल्या पाड्यांवरच्या कोरकू बायका, पाटलांची धाकटी सून, तेल्याची पार्वता, बौद्धपुऱ्यातली केशर. सगळ्या वाचल्या असं नाही. दोघी गेल्या, आणि दोन्ही वेळा जानराव आठ दिवस कोणाशी बोलला नाही. पण वाळूत कोणी अडकलं नाही.

सत्तर साली सरकारकडून नवी गाडी यायची झाली. जुनी जीप लिलावाला काढायची म्हणून खुशालरावांनी रंगारी आणला. पाटलांच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या. दवाखान्याच्या अंगणात जीप हिरवी झाली, मग ट्रेलर बाहेरून हिरवा झाला. रंगारी आत चढला, आणि हाक मारली.

“बाई, हे दांडी कायची वो? साऱ्या ट्रेलरवर जुना रंग हाय, हिच्यावरच नाई. चांदीवानी घासली हाय कोनी.”

माणिकबाई नव्या बाळाचं वजन लिहीत होत्या. दौत बंद करून बाहेर आल्या. दांडीच्या दोन टोकांना हिरवा रंग अजून होता. मधे दोन ठिकाणी, खांद्याएवढ्या अंतरावर, लोखंड उघडं पडून गुळगुळीत झालेलं.

“तेवढी सोडून दे,” त्या म्हणाल्या.

“घेनारा नाव ठेवन ना बाई.”

पलीकडे बाजेवर खुशालराव बसले होते. ते म्हणाले, “बाई सांगते तसं कर लेका.”

रंगारी काम आटोपून हात धुवायला गेला. बाळाची आई बाळाला पाजत पडवीत बसली होती. माणिकबाईंनी चपला काढल्या, आत वाकून पाहिलं. सगळीकडे ओला रंग, हात टेकायला कुठेच जागा नाही. त्यांनी दांडी धरली आणि तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.