आठाने भागायचं राहिलं

आई अंगणवाडी सेविका होती. ती गेल्यावर तिचा सरकारी मोबाइल परत करायचा होता. नव्या सेविकेला तो उद्या लागणार, म्हणून पर्यवेक्षिका दैवशाला मॅडम स्वतः तीर्थपुरीला आमच्या घरी आल्या.

त्या मोबाइलमध्ये आईने कामासाठी काढलेले व्हिडिओ होते. मुलं खिचडी खाताना, वजनकाट्यावर उभी राहताना. आई एकाही व्हिडिओत दिसत नाही. मोबाइल तिच्या हातात असायचा. फक्त तिचा आवाज ऐकू येतो. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि ऑफिसात जमा झालेला मोबाइल पुसून कोरा करतात.

केबल लावली तर चार्जिंग व्हायचं, पण लॅपटॉपला मोबाइल दिसत नव्हता. त्यात नवं ॲप टाकायला बंदी होती. माझ्या मोबाइलचं नेट देऊन सगळं माझ्या ड्राइव्हवर चढवणं, एवढाच मार्ग उरला. व्हिडिओ नऊ जीबी होते. नेटचा वेग तपासला तर आठ एमबीपीएस आला. नऊ जीबी म्हणजे नऊ हजार एमबी, त्यांना आठाने भागलं, सेकंदांची मिनिटं केली आणि मॅडमना सांगितलं, वीस मिनिटं द्या, तोवर चहा टाकते.

चहा झाला तरी स्क्रीनवरची पट्टी जेमतेम सरकलेली. तेव्हा लक्षात आलं. नेटचा वेग बिटमध्ये मोजतात, व्हिडिओ बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे वेगालाही आधी आठाने भागायला हवं होतं. वीस मिनिटांचे अडीच तास झाले. हे मला माहीत होतं. पूर्वी शिकवलंही आहे.

मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हंजे आपली गाडी आठपट हळू चालून राह्यली म्हन की." मग हसू आवरून म्हणाल्या, "दीपमाला, मला थांबायला काय न्हाई गं. पण आज जमा न्हाई केला तर मंग माझ्यावर येतं."

मी म्हणाले, घनसावंगीच्या ऑफिसापर्यंत मी सोबत येते. वाटेत चढत राहील.

घनसावंगीच्या जीपमध्ये मधल्या सीटवर आम्ही पाचजणी होतो. माझ्या एका हातात आईचा मोबाइल, दुसऱ्या हातात माझा. कोपर हलवायलाही जागा नव्हती. व्हिडिओ जुन्याकडून नव्याकडे चढत होते. आजारपणाच्या आधीचा शेवटचा आठवडा सगळ्यात मागे. गाव सुटलं आणि रेंज गेली. आली, पुन्हा गेली. अर्धा चढलेला व्हिडिओ दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी मनात हिशेब करत राहिले आणि प्रत्येक वेळी उत्तर रस्त्यापेक्षा लांब येत होतं.

शेवटी मी ते चढवणं थांबवलं. सगळ्यात शेवटचा व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण वाढवला, माझ्या मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोन्ही एकमेकांना चिकटवून धरले.

"उभा राह्य नीट," आई म्हणाली. "हालू नको राजा. हाल्ला की आकडा बराबर येत न्हाई."

मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन बोलून राह्यलं?"

मॅडम मागे वळल्या. "गप बसा जरा, मामा. केशरताई हायेत."

जीपमधली बोलणी थांबली. इंजिन थांबलं नाही. मुलगा हसत होता, आई त्याला पुन्हा पुन्हा उभं करत होती. माझा हात बधिर झाला, पण मी तो हलवला नाही. ऑफिसच्या फाटकापाशी ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि उतरा म्हणाला. व्हिडिओ अजून संपायचा होता. बाहेरच्या बाजूला मॅडम होत्या. त्या उतरल्याशिवाय मला उतरता येत नव्हतं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि तिच्यात सुट्टे पैसे शोधत बसल्या.