पातळ तेलाचा हिवाळा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग राखाडी, आकार भट्टीतून काढलेल्या पावासारखा. म्हणून आमच्या गावात सगळे मला ‘पाव’च म्हणतात. सायबेरियातल्या याकुतियात आल्दान नदीच्या काठी, गाईंच्या गोठ्यामागे मी उभी असते. टायर जमिनीत रुतलेत, दारं कुरकुरतात. पण इंजिन अजून शाबूत आहे. ते कसं शाबूत राहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म दूर व्होल्गाकाठच्या कारखान्यातला. आधी आगगाडीने, मग मालवाहू होडीने मी इथे आले. गावच्या दवाखान्याची गाडी चालवायचं काम वार्वाराकडे होतं. धक्क्यावर तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, बोनेटवर थाप दिली आणि म्हणाली, “चल ग बाई, आता तू आणि मी.” त्या दिवसापासून मी तिची झाले.

आमच्याकडची थंडी तुम्हाला कशी सांगू? भर हिवाळ्यात माणसाचा श्वास बाहेर पडताच गोठतो आणि कानाशी भुसा सांडावा तसा खसखसतो. अशा दिवसांत ज्यांच्याकडे पेट्रोल होतं, ते गाडी बंदच करत नसत. आमच्याकडे ते पुरत नसे. म्हणून वार्वारा रोज संध्याकाळी माझ्या इंजिनाचं तेल बादलीत काढून घरात नेई, चुलीशेजारी ठेवी आणि सकाळी कोमट तेल परत माझ्या पोटात ओती. तो कोमटपणा मला अजून आठवतो.

तिची सासू अकुलिना मात्र वैतागायची. “सूनबाई, सूप कुठल्या बादलीत आणि गाडीचं काळं पाणी कुठल्या, तेवढं सांगून ठेव. आज पळी बुडवलीच होती मी!”

“मग आई, खोकला तरी गेला असता तुमचा,” वार्वारा हसायची.

तेल आणायचा तिचा नवरा, स्पिरिदोन. तो माळावर घोड्यांचे कळप राखायचा. तेल दाट हवं, हा त्याचा हट्ट. “घोड्याच्या अंगावर हिवाळ्याआधी चरबी चढते ना? तसंच इंजिनाचं,” तो म्हणायचा. उन्हाळ्यात ते तेल मला मानवायचंही. पण एका हिवाळ्यात बाहेरगावी थांबावं लागलं आणि तेल काढायला कुणाला उसंत मिळाली नाही. सकाळी ते माझ्या पोटात लोण्यासारखं थिजलं होतं. कसंबसं इंजिन फिरलं, पण तेल वर चढेना. लोखंडावर कोरडं लोखंड घासलं. ती कळ मी विसरले नाही, आणि तो आवाज वार्वाराही विसरली नाही.

पुढच्या शरदात ती स्वतः दुकानात गेली आणि नव्या तऱ्हेचं पातळ तेल घेऊन आली. स्पिरिदोनने डबा हलवून पाहिला.

“हे तेल आहे की चहा? महिन्याभरात इंजिन खाऊन टाकेल!”

“डब्यावर दोन आकडे आहेत, वाच. पहिला थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात सहज वाहतं. दुसरा तापलेल्या इंजिनाचा. तो आपल्या जुन्या तेलाचाच आहे.”

“आकडे छापायला काय लागतं!”

वार्वारा वाद घालत बसली नाही. थंडी कडक झाली तशी तिने दोन्ही तेलं दोन बाटल्यांत भरून कुंपणाला टांगली. सकाळी दोन्ही उलट्या केल्या. दाट तेल बुडाला चिकटून बसलं. पातळ तेल जड झालं होतं, पण हळूहळू खाली आलं.

स्पिरिदोनने पाहिलं आणि टोपी कानांवर ओढली. “घाल तुझा चहा. गाडी बसली की घोडा मागायला येऊ नकोस.” समोरची न्याहारी तशीच ठेवून तो माळावर निघून गेला. वार्वारा कुंपणापाशी उभी राहून बघत राहिली.

मग खरी थंडी पडली. धूर धुराड्यावर खांबासारखा उभा राहू लागला. एका सकाळी माळावरच्या तळावरून रेडिओवर निरोप आला: स्पिरिदोन घोड्यावरून पडला, मांडीचं हाड मोडलंय, लवकर या.

पातळ तेल माझ्या पोटात होतं, पण नुसत्या तेलाने भागणारी ती थंडी नव्हती. वार्वाराने घरातून बॅटरी आणून जोडली, माझ्या तोंडावर लोकरीच्या नमद्याची जाड घोंगडी टाकली. अकुलिना परातभर निखारे घेऊन आली आणि ते तिनेच माझ्या पोटाखाली सरकवले. “होईल ना ग सुरू?” तिने विचारलं. वार्वाराने वाकून निखारे नीट पसरले. थोड्या वेळाने तिने किल्ली फिरवली. इंजिन जडपणे एकदा फिरलं, मग दुसऱ्यांदा. तेल वर चढताना मला जाणवलं. मी धडधडू लागले.

गोठलेल्या नदीवरून आम्ही तळावर पोहोचलो. स्पिरिदोन घोड्याच्या कातड्यांत गुंडाळलेला, चेहरा राखेसारखा. त्याला आत उचलून ठेवलं आणि आम्ही परत निघालो.

वाटेत तो म्हणाला, “ऐकतोय मी. कुठे टकटक नाही इंजिनात.”

“गप्प पड.”

“वार्वारा, त्या दिवशी मी न्याहारी न करताच गेलो.”

“माहीत आहे मला. ती तशीच झाकून ठेवली होती मी संध्याकाळपर्यंत.”

तो पाय जरा आखूडच राहिला. पण त्यानंतर दर शरदात माझं तेल आणायला तोच लंगडत दुकानात जाई, डबा नाकाशी धरून आकडे वाची, आणि गावातल्या प्रत्येकाला पातळ तेलाचं महत्त्व असं सांगे, जणू ते त्यानेच शोधलं होतं.

ते दिवस गेले. दवाखान्याला नवी गाडी आली आणि मी वार्वाराच्या अंगणात आले. एका हिवाळ्यात स्पिरिदोनही गेला. त्याला निरोप देऊन आल्यावर वार्वारा माझ्यात येऊन बसली आणि तिने इंजिन सुरू केलं. निघाली मात्र नाही. काही वेळाने म्हातारी अकुलिना बर्फातून काठी टेकत आली आणि शेजारच्या सीटवर चढून बसली.

“कुठे जायचंय?”

“कुठेच नाही, आई.”

“मग बसू या जरा. गरम होऊ दे.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तेल निवडाल ते उन्हातल्या सोप्या दिवसाकडे बघून नको. गाडीच्या सगळ्यात कठीण सकाळचा विचार करून निवडा. आणि गारठलेलं इंजिन सुरू झालं की लगेच दामटू नका. तेल वर चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ शेजारी बसा.