मौनाचा सोमवार

“निर्माल्य पायदळी येऊ देऊ नका, सूनबाई. वाहत्या पाण्यातच सोडायचं,” असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. भानुमतीबाईंनी ते बरीच वर्षं पाळलं, दर कार्तिकात नर्मदेवर जाऊन यायच्या. गेल्या कार्तिकात मात्र आळस आला. वाळलेला बेल, फुलं आणि काच तडकलेली देवाची तसबीर त्यांनी जुन्या महेश्वरी लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि इंदूरबाहेरच्या तलावात सोडून आल्या. देवाचंच आहे, पाणी सांभाळून घेईल, असं मनाला सांगितलं.

त्याच तलावाकाठी आता लोकांसाठी फिरायची जागा व्हायची होती. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. “राजधानी भोपाळला गेली, निदान बगीचा तरी आपल्याला मिळू द्या,” असं बगीच्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रतापराव दर बैठकीत म्हणत. महिला मंडळातर्फे भानुमतीबाई असायच्या. आवाज हळू, पण ऐकला जाई. मोटारबोट नको, वल्ह्यांच्या नावा ठेवा. भोंगे नकोत. पाणकणसाच्या बेटात पक्षी घरटी करतात, तिकडे पायवाट नेऊ नका. आणि गवळ्यांच्या म्हशींना पश्चिमेचा घाट राहू द्या, ते आपल्या आधीपासून येतात. सगळं मान्य झालं होतं.

जागा बघायला समिती निघाली ती नेमकी श्रावणी सोमवारी. सोमवारी भानुमतीबाईंचं संध्याकाळच्या पूजेपर्यंत मौन. तरी त्या गेल्या.

नाव पश्चिमेच्या घाटाला लागली. मोजणीदार बंडू टुणकन खाली उतरला आणि “आई गं!” करून खालीच बसला. टाचेत काच. प्रतापरावांनी वल्ह्यानं चिखलातून एक कुजकं गाठोडं ओढून काढलं. सगळ्यांचे रुमाल नाकाला गेले.

“बघा भिया, ही म्हशीवाल्यांची घाण! हा घाट ठेवला तर बगीचा कसला, उकिरडा होईल,” प्रतापराव म्हणाले.

म्हशी धुणारी गेंदाबाई गवळण धावत आली. “हमने नी डाला, बाबूजी! म्हारी भैंसें उतरे हैं यहाँ. काँच से खुर कटेगा तो किसका?”

“चुप! कल मीटिंग में ये घाट ही काट देंगे.”

चिखलातून लुगड्याचा रुईफुली काठ डोकावत होता. भानुमतीबाईंनी तो ओळखला; गाठ त्यांनीच मारली होती.

गेंदाबाई नेमकी त्यांच्याकडेच वळली. “बाईसाब, तुम तो धरम-करम वाली हो. तुम बोल दो ना.”

“त्यांचं आज मौन आहे,” प्रतापराव आदरानं म्हणाले. “वहिनीसाहेबांना त्रास देऊ नको.”

भानुमतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग गेंदाबाईच्या ओल्या हातावर हात ठेवून होकारार्थी मान हलवली. बोलेन. गेंदाबाईनं हात जोडले. ते त्यांना बघवेना.

संध्याकाळी पूजा झाली. पिंडीवर बेल वाहताना मान वर होत नव्हती.

“सुटलं का मौन?” यजमान जयसिंगराव पाटावरून म्हणाले. “वाढा आता, खिचडी निवतेय.”

त्यांनी सगळं सांगितलं.

“अहो, पण तुम्ही बोलणार कशा? व्रत होतं ना?”

“सकाळी दूध उतू गेलं तेव्हा ओरडले नव्हते का मी? दुधासाठी मोडलं आणि त्या बाईच्या वेळी मात्र पाळलं. व्रताच्या आड जाऊन उभी राहिले, झालं.”

जयसिंगरावांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. “प्रतापराव कसा आहे ते ठाऊक आहे ना? वर्षभर पुरवून पुरवून सांगेल. सगळं शहर हसेल.”

“हसू दे.” त्यांचे कान तापले होते.

“मग उद्या मीटिंगमध्ये सांगा.”

“उद्यापर्यंत मी माझी समजूत घालून टाकीन. मला माहीत आहे मी कशी आहे ते.”

“निदान उपास तरी सोडून जा.”

भानुमतीबाईंनी नवऱ्याचं ताट वाढलं, स्वतःचं झाकून ठेवलं. खांद्यावरून पदर घेतला, चपला घातल्या आणि बडा गणपतीच्या रस्त्यानं, प्रतापरावांच्या घराकडे चालू लागल्या.