चार फुटांवरची सोंड

मी एक जुना लाकडी हत्ती आहे. मित्रांनो, हत्ती म्हटल्यावर पाठीवर बसायचे तुमच्या मनात आले असेल, तर ते आधी काढून टाका. मला पाठच नाही. मी जाड फळ्यांतून कापलेला सपाट प्राणी आहे. बाजूने पाहाल तर हत्ती, समोरून पाहाल तर नुसती फळीची कड. मला एक डोळा आहे, एक कान आहे, आणि सरळ पुढे काढलेली एक सोंड आहे. ही सोंड जमिनीपासून बरोबर चार फुटांवर आहे. पावणेचार नाही आणि सव्वाचारही नाही.

एका मोठ्या पार्कमध्ये 'वादळ' नावाची लाल गाडी आहे. ती रुळांवरून कुरकुरत वर चढते, टोकाला पोहोचल्यावर क्षणभर थांबते आणि मग अशी खाली कोसळते की खालच्या झाडांवरचे पक्षी उडतात. त्या गाडीच्या फाटकावर मी उभा असतो. ज्याचे डोके माझ्या सोंडेला लागते, त्याने गाडीत बसायचे. ज्याचे लागत नाही, त्याने परत फिरायचे. एवढेच माझे काम आणि तेवढ्यासाठीच माझा जन्म.

मला घडवले त्या दिवशी सुताराचे आणि रंगाऱ्याचे कडाक्याचे भांडण झाले होते. रंगारी म्हणत होता, "सोंड जरा वर वळव. मुलांना नमस्कार केल्यासारखी दिसेल." सुतार म्हणाला, "हा नमस्कार करायला नाही, मोजायला उभा राहणार आहे." त्याने सोंडेवर पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी ठेवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत सोंड हलवली आणि दोन बोल्ट आवळून टाकले. रंगाऱ्याने रागाने मला वाजवीपेक्षा मोठे हसू रंगवले. त्या हसण्याचा मला आजवर त्रास होतो. कल्पना करा, तुम्ही कोणाला नकार देत आहात आणि तुमचे तोंड मात्र कानापर्यंत हसते आहे!

मुलांनी माझे नाव 'नाही-हत्ती' ठेवले. मी किती जणांना रडवले याचा हिशेब माझ्याकडे नाही. एका आजोबांनी मला छत्रीने बडवले. एका आईने आपल्या मुलीचे केस डोक्यावर बांधून असा उंच बुचडा केला की तो सोंडेला लागला. पण मावशींनी बोटाने तो हळूच दाबला आणि म्हणाल्या, "बुचड्याला बसायचं असेल तर बसू द्या, मुलीला नाही."

मावशी म्हणजे गाडी सुरू करणाऱ्या बाई. त्यांच्याकडे हिरवे बटण, लाल बटण आणि एक किल्ली होती. सगळी मुले त्यांना मावशी म्हणत, म्हणून मोठी माणसेही म्हणू लागली. सकाळी आल्या की त्या ओल्या फडक्याने आधी माझा डोळा पुसत. "बघ नीट," एवढेच म्हणत. माझे कौतुक म्हणाल तर एवढेच. मला तेवढे पुरत असे.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

सुट्टीचा दिवस होता आणि रांग पार आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत गेली होती. त्या रांगेत एक बाबा आणि त्याची आठ वर्षांची मुलगी होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याच्या नखांतले ग्रीस सुट्टीच्या दिवशीही निघालेले नव्हते. कुठेतरी लिफ्ट अडकली की त्याला फोन येई आणि ठरलेले सगळे बेत मोडत. त्या दिवशी मात्र त्याने रांगेतच खिशातून फोन काढला, मुलीसमोर बंद केला आणि म्हणाला, "बघ. गेला झोपी. आज मी फक्त तुझा."

मुलगी वर्गात सगळ्यांत बुटकी होती. वर्गातली मुले तिला 'खोडरबर' म्हणत. हे मला ती रांगेत बडबडत होती त्यावरून कळले. "बाबा, सगळे 'वादळ'मध्ये बसून आलेत. मी एकटीच राहिलेय. उद्या मी सांगणार, माझे हात वर होते, मी दांडासुद्धा धरला नव्हता."

"धरायचा हं दांडा," बाबा म्हणाला.

"धरीन. पण सांगणार नाही."

ती माझ्यासमोर आली. छाती पुढे काढून, मान ताठ करून उभी राहिली. मावशी खाली वाकल्या. "टाचा टेकव, बाळा." टाचा टेकल्या. डोके आणि सोंड यांच्यामध्ये मावशींची दोन बोटे सहज मावली.

"पुढच्या वर्षी ये गं," मावशी म्हणाल्या.

मुलगी रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. ती नुसती माझ्या त्या रंगवलेल्या हसण्याकडे बघत राहिली. मित्रांनो, मी लाकडाचा आहे म्हणून मला काही वाटत नाही, असे समजू नका.

बाबाला मात्र राहवले नाही. "मावशी, दोन बोटांनी काय आभाळ कोसळणार आहे? मी बसतोय ना शेजारी. धरून ठेवतो तिला."

"दादा, धरून ठेवायला दांडा आहे. तो तिच्या मापाचा नाही."

"किती महिने झाले, मी हिला आज आणतो, उद्या आणतो म्हणतोय. एवढी वाट बघितली ती हा... हा ठोकळा नाही म्हणतो म्हणून परत जायचं?"

ठोकळा! मी ऐकून घेतले. मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, बसू द्या हो पोरीला. कोणी म्हणाले, आमचा नंबर कधी येणार? आवाज वाढला तसे मॅनेजरसाहेब धावत आले. त्यांना आवाजाचा फार तिटकारा होता. माझा तर त्यांना कधीपासून राग होता, कारण पार्कमधल्या निम्म्या तक्रारी माझ्याच नावाने येत.

"रोजची कटकट आहे या हत्तीची," ते म्हणाले. मग फिटरकाकांना बोलावून त्यांनी हुकूम सोडला, "चार बोटं खाली घ्या सोंड. आत्ताच्या आत्ता."

फिटरकाकांनी मान खाली घालून पाना लावला. पहिला बोल्ट हलेना. मी खरे सांगतो, मी अंग आखडून धरले होते. तुम्ही म्हणाल, गंज चढला असेल. तसे म्हणा हवे तर. काकांनी दोनदा तेल सोडले, तिसऱ्यांदा पान्यावर लोंबकळले, तेव्हा कुठे तो कर्र करून सुटला. सोंड चार बोटे खाली आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खोटे बोलत उभा होतो, आणि तेही हसऱ्या तोंडाने.

मावशींनी काय केले? त्यांनी बटणांच्या पेटीतली किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

"गाडी सुटणार नाही, साहेब."

"मी दुसरा माणूस बोलावतो."

"बोलवा ना. किल्ली माझ्याकडे आहे."

"मग उद्यापासून येऊ नका कामावर!"

"उद्याचं उद्या बघू. आज मी इथे आहे."

इकडे बाबा मुलीला माझ्यासमोर आणून उभे करत होता. सोंड तिच्या कपाळावर आली. रांगेतल्या काही जणांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हसून म्हणाला, "बघ! झालीस की नाही उंच?"

मुलीने वर पाहिले. माझ्या जुन्या बोल्टची रिकामी भोके तिला दिसली असावीत. ती म्हणाली, "मी कुठे उंच झाले? हत्ती बुटका झाला."

टाळ्या थांबल्या.

"अगं, पण बसायला मिळतंय ना?" बाबा म्हणाला. पण त्याचा आवाज आता आधीसारखा नव्हता.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "दादा, गाडी उभीच आहे. बसवा तिला. मी तुम्हाला फक्त एक गोष्ट दाखवते."

मुलगी पहिल्या डब्यात बसली. मावशींनी पोटावरचा दांडा खाली ओढला. खटका वाजला. दांडा जिथे थांबायचा तिथे थांबला. "आता तुमची मूठ घाला," मावशी म्हणाल्या. "दांडा आणि तिचं पोट, त्यांच्यामध्ये."

बाबाने मूठ घातली. ती सहज आत गेली. त्याने दुसरी मूठ घातली. तीही गेली. मग त्याने, रोजच्या कामाची सवयच ती, दांडा हलवून पाहिला, खटका तपासला, मुलीचे पाय खाली टेकतात का ते वाकून पाहिले. पाय हवेत लोंबत होते. तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"तुम्ही काम काय करता?" मावशींनी विचारले.

"लिफ्ट दुरुस्त करतो. लोक रोज म्हणतात, दार नीट लागत नसलं तरी चालू करून द्या, काही होत नाही. मी रोज भांडतो त्यांच्याशी." त्याने मुलीला उचलून खाली घेतले. "आज एक दिवस मला कोणाशी भांडायचं नव्हतं."

"मग माझ्याशी कशाला भांडलात?" मावशी म्हणाल्या, आणि बाबाला हसू आले. फार लाजिरवाणे हसू होते ते.

तो तडक मॅनेजरसाहेबांकडे गेला. "सोंड वर करा."

"अहो, तुमच्यासाठीच खाली घेतली ना!"

"मी चुकलो. वर करा."

"आता राहू द्या. लोक खूश आहेत."

"मी नाहीये खूश," मुलगी म्हणाली. ती साहेबांच्या खांद्यापर्यंतही येत नव्हती, पण हात मागे बांधून अशी उभी राहिली की साहेबच एक पाऊल मागे सरले. "मला खोटं खोटं नाही बसायचं. आणि मावशींना तुम्ही ओरडायचं नाही. त्यांनी बरोबर सांगितलं होतं."

साहेबांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. तेव्हा ती फाटकाजवळच्या खिडकीपाशी गेली. तिथे दोरीला बांधलेली तक्रारवही असते. आजवर त्या वहीत माझ्याविरुद्धच लिहिलेले असे. खिडकी उंच होती, म्हणून बाबाने तिला उचलून धरले. तिने जीभ बाहेर काढून, मोठ्या अक्षरांत लिहिले, 'हत्तीची सोंड कोणीही खाली करायची नाही. मी बुटकी आहे आणि मी हे सांगते आहे. मावशींना काढू नका.' खाली तिने इयत्ता आणि तुकडीसुद्धा लिहिली.

बाबाने खाली सही केली. मग रांगेतली एक आजी पुढे आली. तिचा नातू सोंडेपेक्षा चांगला वीतभर उंच होता. ती म्हणाली, "आण इकडे ते पेन." तिच्यामागे एक जण आला, मग आणखी कितीतरी आले. सगळे आले असे मी म्हणणार नाही. काही जण तोंड वाकडे करून दुसऱ्या पाळण्याकडे निघून गेले. पण त्या वहीचे पान भरले, आणि पान उलटावे लागले.

ती वही दर आठवड्याला मालकांकडे जाते हे साहेबांना पक्के ठाऊक होते. त्यांनी भरलेले पान एकदा उलटून पाहिले. मग फिटरकाकांना म्हणाले, "वर घ्या." आणि मावशींकडे न बघता पुटपुटले, "उद्या वेळेवर या."

बाबाने फिटरकाकांच्या हातून पाना घेतला. "मी लावतो." त्याने जमिनीपासून टेप धरून माप दोनदा घेतले, गंजलेले बोल्ट टाकून नवे बसवले आणि ते असे आवळले की आजतागायत कोणाच्या बापाला ते सुटलेले नाहीत. काम झाल्यावर तो मला हळूच म्हणाला, "ठोकळा म्हणालो, माफ कर." मी माफ केले. पण विसरलो नाही.

त्या दोघांचा दिवस वाया गेला असे समजू नका. माझ्या जागेवरून धडक गाड्यांचे मैदान दिसते. तिथे मुलीने एक पिवळी गाडी धरली आणि बाबाला कोपऱ्यात गाठून गाठून अशा धडका दिल्या की त्याची टोपी तीनदा पडली. "बुटक्यांना घाबर!" ती ओरडत होती. तिचा आवाज 'वादळ'च्या खडखडाटावरून मला ऐकू येत होता.

पुढच्या वर्षी ती आली. अर्धे बोट कमी पडली. मी पुन्हा नाही म्हणालो. तिने मला जीभ दाखवली आणि धडक गाडीकडे पळाली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र ती धावत आली आणि तिचे डोके माझ्या सोंडेवर ठण्णकन आपटले. "आई गं!" म्हणून ती मटकन खाली बसली आणि कपाळ चोळत हसत सुटली. मावशींनी फाटक उघडले. बापलेक वर गेले, खाली कोसळले आणि परत आले. मुलीचे केस पिंजारले होते. ती म्हणाली, "परत!" बाबा कठड्याला धरून उभा होता.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझा कान अर्धा उडाला आहे. मावशी निवृत्त झाल्यापासून माझा डोळा कोणी पुसत नाही. रांगेत कंटाळलेली माणसे माझ्या पोटावर च्युइंग गम चिकटवतात, सोंडेला पिशव्या अडकवतात. परवा नवीन मॅनेजर दोन पाहुण्यांना घेऊन आले होते. म्हणत होते, मुले या हत्तीमुळे नाराज होतात, याच्या जागी रबराची मऊ सोंड बसवू, जरा दाबली की वाकणारी. खुशाल आणा म्हणावे. ती येईपर्यंत इथे मी आहे.

तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. मला रंगाचा एक हात द्या. पिशव्या स्वतःच्या खांद्यावर घ्या. फाटकावर उन्हात उभे राहून दिवसभर 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला शिव्या देऊ नका, त्याच्याही घशाला कोरड पडते. आणि कोणी तुमच्यासाठी माप खाली आणायला निघाले, तर त्याचा हात धरा.

तरीही माझा राग आलाच, तर खुशाल रागवा. सकाळी दहाला फाटक उघडते. या, समोर उभे राहा. सोंड चार फुटांवरच असेल.