बादलीतलं बिल

"भावजींनी नवी मोटारसायकल आणली. तुम्ही काय आणलंत? अंगभर चिखल," असं थोरल्याची बायको त्याला म्हणाली आणि त्याच्या हातातला चहा कपातच पुन्हा उकळला. खोटं वाटत असेल तर राहू द्या. मी शेजारीच बसलो होतो. वाफ माझ्या चष्म्यावर आली.

दोघे भाऊ विहिरींचा गाळ काढायचे. धाकट्याला त्याच दिवशी पैसे मिळत. थोरल्याला एकच उत्तर मिळे, "पुढच्या आठवड्यात बघू." तो इतका जळे, की भर पाण्यात उभा असला तरी अंगावरचा चिखल वाळून खपल्या पडत.

शेवटी एक दिवस झुडपाआड बसून त्याने धाकट्याचं काम पाहिलं. गाळ निघाला तरी पठ्ठ्या वर येईना. तळाशीच बसला आणि बादलीतून बिल वर पाठवलं. माणूस बसलेल्या विहिरीचं पाणी कोण पिणार? घटकाभरात बादलीतून पैसे खाली आले.

दुसऱ्याच दिवशी थोरला एका मळेवाल्याच्या विहिरीत उतरला. गाळ काढला, बिल वर पाठवलं. मळेवाला वाकून म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू."

"मग मी इथंच बसतो."

"बसा की. खाली गार असेल."

त्याने दोर वर ओढून घेतला आणि पलीकडच्या विहिरीवरची मोटर चालू करून घरी गेला. ती विहीर गेल्या वर्षी थोरल्यानेच साफ केली होती. तिचेही पैसे यायचे होते.

थोरल्याची हाक ऐकून मी गेलो, पण त्याला ओढायचं बळ या म्हाताऱ्या हातात कुठलं? धाकट्याला बोलावलं. तो मोटारसायकलवरून आला. तिचा हॉर्न ऐकून विहिरीतून वाफ निघाली, ती मी पाहिली.

धाकटा काठावर बसला. "दादा, झुडपातून दिसलं, पण ऐकू आलं नाही वाटतं. उतरायच्या आधी मी विचारतो, दुसरी विहीर आहे का म्हणून."

"अक्कल नंतर शिकव. दोर सोड."

"सोडतो. ओढायचे पन्नास."

"सख्ख्या भावाकडून?"

"माझ्याकडं सगळ्यांना एकच दर."

"बरं बाबा, देतो पुढच्या आठवड्यात."

खाली अर्ध्यावर गेलेला दोर थांबला. मग रिकामाच सावकाश वर सरकू लागला.

खाली थोरल्याने खिसे चाचपले. मग थोरला म्हणाला, "बादली सोड."

पन्नासची ओली नोट वर आली. त्या मळ्यात वेळेवर चुकतं झालेलं बिल तेवढं एकच.