गुडघ्याखालची उशी

"गुडघ्याखाली ही उशी कुणी ठेवली?" व्यायाम शिकवायला नंदुरबारहून आलेल्या प्रिस्किलाताईंनी विचारलं, आणि अमृतची बोबडीच वळली.

कोण ठेवणार? त्यानेच. सुरतेला मायचा, म्हणजे नर्मदाबाईंचा, गुडघा बदलला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय सरळ ठेवा, व्यायाम चुकवू नका. पण कोरीटला घरी आल्यावर नर्मदाबाई कण्हायला लागल्या, की ह्याचा जीव खालीवर. उशी सरकवली की माय शांत व्हायची. व्यायामाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, की हा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे माय, सकाय करसूत." तो उद्याचा दिवस काही उजाडलाच नाही. खबर घ्यायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "पोऱ्या असावा ते असा!" मग स्वारी मिरचीचा टेम्पो हाकताना दिवसभर शीळ घालायची. कौतुक गोड लागत होतं, खोटं कशाला बोला.

"उशीने बरं वाटतं, पण गुडघा तसाच आखडतो," ताई म्हणाल्या. "अजून वेळ गेलेली नाही. पण आता ताणला नाही, तर आजी जन्मभर लंगडतील."

धरणीने पोटात घ्यावं असं अमृतला झालं. तो तोंड उघडणार, तोच माय म्हणाली, "मीच ठेवेल व्हती वं ताई. तो ते नकोच म्हने."

खोटं बोलताना तिची पापणीसुद्धा हलली नाही. ताईंनी अमृतकडे पाहिलं. शेजारच्या सिंधुबाई दारातच उभ्या होत्या, कान टवकारून. खरं सांगून टाकायला काय जात होतं? पण हा बहाद्दर गप्प बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी गप्पच बसला.

ताईंनी मायच्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि अमृतचे तळवे गुडघ्याच्या वर ठेवले. "हळूच दाबा. पण मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. नंतर हे रोज तुम्हालाच करायचंय."

त्याने दाबलं. मायने पदराचा बोळा दातांत धरला. हूं की चूं नाही, नुसती पायाची बोटं थरथरत होती. ती पाहून अमृतला रडूच फुटलं.

"माय, मन्ही चूक शे," तो म्हणाला, सिंधुबाईंना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "उशी मी ठेवेल व्हती, ताई. व्यायाम बी मीच करू दिधा नहीं."

नर्मदाबाईंनी पदर तोंडातून काढला.

"बोलाना नादमा हात ढिला पडना तुन्हा," त्या म्हणाल्या. "दाब."